पंतांचे वजन मी सांगितले होते

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे खरा, पण डाळ-तांदूळ तोलणारा नव्हे, बरं का! माझ्या डोक्यावर पत्र्याचे खोलगट तबक आहे आणि पोटावर गोल काचेआड एक काळी सुई. या तबकात जे निजले ते बहुतेक रडतच निजले. मी नवजात बाळांचा काटा.

लोखंड वितळवून माझे अंग ओतले गेले. कारखान्यातल्या शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाले कारागीर बसत. त्यांनी माझ्यावर एक किलोचे माप सात वेळा ठेवले, सात वेळा उचलले, आणि सुई दर वेळी बरोबर जागी आली तेव्हाच मला खोक्यात घातले. तिथून मी एका प्रसूतिगृहात गेलो. एकतीस वर्षे तिथे उभा होतो.

तिथल्या परिचारिकेला सारी वस्ती 'सिस्टर' म्हणे. बाळ ठेवण्याआधी ती माझ्या तबकावर आपला तळवा दाबून धरी, पत्रा कोमट करी आणि मगच त्या जिवाला निजवी. सुई थांबली की आकडा मोठ्याने सांगे. दाराबाहेर ताटकळलेले बाप तो आकडा ऐकून डोळे पुसत. "या काट्याचा शब्द म्हणजे शब्द!" असे सिस्टर सगळ्यांना सांगे. कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडे. कदाचित जरा जास्तच.

पुढे तिथे आकडे लखलखवणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी भंगारात ठरली. नेमकी तेव्हाच सिस्टर निवृत्त होत होती. तिला निरोपाची भेट म्हणून घड्याळ देऊ केले, तर ती म्हणाली, "घड्याळ नको. हा काटाच द्या, घरी नेते."

असा मी माणसांच्या घरात आलो, आणि आलो तसाच कपाटावर गेलो! चार वर्षे माझ्या तबकात जुन्या टोप्या आणि वर्तमानपत्रे होती, आणि त्यांवर धूळ. त्या घरात धूळ असलेली तेवढी एकच जागा होती. कारण सिस्टर निवृत्त झाली तरी तिचा हात निवृत्त झाला नव्हता. दोन खोल्यांची फरशी ती दिवसातून दोनदा जंतुनाशकाने पुसे. बेकरीत काम करणारा तिचा मुलगा पिठाचे बूट दाराबाहेर काढी. शिवणकाम करणारी सून दोऱ्याचा तुकडासुद्धा मुठीत धरून कचऱ्यात टाकी. कुंडी ठेवायलाही बंदी. "माती म्हणजे जंतू," सिस्टर म्हणे, आणि विषय संपे.

या घरात एक कासव होते. टक्कल, सुरकुतलेली मान, आणि समोरच्याला चष्म्यावरून बघितल्यासारखी नजर. म्हणून त्याचे नाव पंत. बारा वर्षे पंत खिडकीजवळच्या कोपऱ्यात, रोज बदललेल्या पांढऱ्या चादरीवर राहत होते. एवढी बडदास्त पाहुण्यांचीही नव्हती.

एका रविवारी नऊ वर्षांच्या नातीने, चिंगीने, स्टुलावर चढून मला खाली काढले. "आजी, पंतांचं वजन करूया!"

सिस्टरने मला पुसले, तबकावर तळवा दाबून धरला आणि पंतांना त्यात ठेवले. माझी सुई थरथरली. किती दिवसांनी एक जीव माझ्या अंगावर आला होता! "दोन किलो तीनशे," ती त्याच जुन्या आवाजात म्हणाली. मग दर रविवारी हे ठरूनच गेले. दोन तीनशे पन्नास. दोन चारशे. दोन पाचशे.

"बाळसं धरलंय हो पंतांनी!" सिस्टर खूश. मीही खूश.

त्याच सुमारास पंत मागच्या पायांनी फरशी खरवडू लागले. दिवसभर खर्र, खर्र. चादर गोळा होई, पायपुसणे उलटे होई.

"पंत, म्हातारपणी नाचायचं सुचलं काय?" मुलगा हसला. सिस्टरने चादर पुन्हा सरळ केली. ती पुन्हा गोळा झाली.

मग पंतांनी जेवण सोडले. सून म्हणाली, "आई, चार दिवस झाले, पानाला तोंड लावलं नाही. दाखवूया का कुणाला?"

"वजन भरतंय ना?" सिस्टरने माझ्याकडे बोट केले. "तीस वर्षं हा काटा खोटा बोलला नाही. ज्याचं वजन भरतं, त्याची काळजी नको."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! मी खोटे बोललो नव्हतो. पण किती आहे एवढेच मला सांगता येते. काय आहे ते नाही.

जेवण सोडल्याच्या आठव्या दिवशी खरवडणेही थांबले. पंतांचे मागचे पाय लुळे पडले, डोळे मिटले, मान चादरीवर टेकली. चिंगीने हात लावला आणि ती किंचाळली, "आजी, हे गार पडलेत!"

टोपलीत घालून त्यांना जनावरांच्या दवाखान्यात नेले. वाढलेले वजन बरोबर आहे ना, हे तिथल्या काट्याशी पडताळायला सिस्टरने मलाही सोबत नेले होते, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची काळी फिल्म उजेडाला धरली. पंतांच्या पोटात पाच पांढरे गोल होते.

"ही मादी आहे, आजी. पाच अंडी अडकलीत. नर नसला तरी अंडी होतात यांना. खोदायला माती नाही मिळाली, म्हणून धरून ठेवली. आता अंगातली ताकद संपत आलीय. फरशी खरवडत होती का?"

चिंगीने हळूच मान डोलावली.

"तीन दिवस बघू. इंजेक्शन, कॅल्शियम, कोमट पाण्यात बसवणं, ऊब आणि हातभर खोल माती. नाही झालं तर कवच कापावं लागेल. या अवस्थेत ती त्यातून उठेल असं मी सांगू शकत नाही."

सिस्टर खुर्चीत बसली. ज्या बाईने उभ्या जन्मात बाळंतपणेच केली, तिच्या डोळ्यांदेखत तिच्याच घरात एक आई अडली होती, आणि ती चादरी सरळ करत होती. "देवा," ती एवढेच म्हणाली, "मी हात धुतले, पण डोळे नाही धुतले."

संध्याकाळी मुलाने तीन मजले चढून मातीची पोती आणली. दारात उभा राहिला, सवयीने. "आई, कुठे टाकू? बाहेरच्या जिन्यात?"

"घरात. खोलीच्या मध्ये."

"अगं पण तू तर—"

"गप्प बस आणि पसर."

शिवणयंत्र सरकले, टेबल सरकले, आणि त्या चकचकीत खोलीत लाकडी चौकटीत मातीचा ढीग पडला. सिस्टरने बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ढेकळे फोडली. घराने पाळ्या वाटून घेतल्या. सून दिव्याची ऊब सांभाळी, मुलगा बेकरीतून येताच पाणी कोमट करी, चिंगी घड्याळ बघून औषधाची आठवण करी. ती एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, आता पंतीणबाई म्हणायचं का?"

"पंतच म्हण. आजारात नाव कशाला बदलायचं?"

पहिला दिवस गेला. दुसराही गेला. माझी सुई जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेची तयारी ठेवल्याचा निरोप आला. सिस्टर मातीजवळ पालथी पडून हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. तेवढ्यात मातीत आवाज झाला. पंतांचा उजवा मागचा पाय हलला. थांबला. पुन्हा हलला.

"कुणी पुढे येऊ नका," सिस्टर हलकेच म्हणाली, आणि मग प्रसूतिगृहातला तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. "घाई नाही, बाई. दम घे. जमेल तुला. मी आहे इथे."

सूर्य उतरेपर्यंत चार अंडी झाली. पाचवे आत फुटले होते. ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काढले. पंतांना माझ्या तबकात ठेवले तेव्हा माझी सुई मागे आली: दोन तीनशे वीस. आयुष्यभर सुई मागे गेली की मी चेहरे काळवंडताना पाहिले. त्या दिवशी सगळे घर रडत हसले.

पुढे महिनाभर इंजेक्शने चालली. पंत जगले. डावा पाय मात्र ओढतच चालतात, आणि ते बघून सिस्टर अजून तोंड फिरवते. अंड्यांतून काही निघायचे नव्हतेच. चिंगीने ती मातीत पुरली. माती अजून खोलीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी मुका जीव असेल तर त्याचे वजन जरूर करा. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. जमिनीवर त्याच्याएवढे होऊन बसा, तो काय खरवडतो, कशासाठी खरवडतो ते बघा, आणि कळले नाही तर लाज न बाळगता विचारा. तुमची माया खरी असेलही. त्याची गरज वेगळी असू शकते.

आता रविवारी सिस्टर आधी मातीत बसून पंतांकडे निवांत बघते; डोळे, पाय, पोट, चाल. ते झाल्याशिवाय मला हात लावत नाही. आणि खरे सांगतो, मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.