सासूबाईंचा चहा

पूजेनंतर बाळाच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी नाहीशी झाली, आणि सासूबाई चन्नम्मांनी लगेच मोलकरीण कोंडाबाईला धरलं. "चौकीवरच्या अमीनसाहेबाला बोलवा!" कोंडाबाई रडायलाच लागली.

कॉलेज शिकलेली सून शामला बाळाला घट्ट धरून देवघर धुंडाळत होती. बेलाच्या पानांखाली डबी सापडली. पण घरातल्या सगळ्यांच्या डब्या सारख्याच; हिचा दोरा जुना, म्हणजे ही सासूबाईंची. आणि सासूबाई तर बाहेर चहा पीत होत्या! अंगावर लिंग नसताना त्यांनी जन्मात पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"आत्याबाई, तुमच्या गळ्यात काय आहे?"

चन्नम्मांनी पदराखाली चाचपलं; बोटांना बाळाच्या डबीचा नवा दोरा लागला. मग शांतपणे म्हणाल्या, "कोंडे, रडतीस कशाला? चहा घे. आन् शामला, पोराच्या वस्तू नीट ठेवत जा. कुणाच्या गळ्यात जातील, नेम न्हाय."