अकराव्या सामन्याची नोंद

सत्यभामाबाई इंगवल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद भरली, की सभागृहात खुर्च्यांची एक रांग वाढत असे. शुक्रवारी सकाळी शालेय रोबोटिक्स स्पर्धा सुरू झाली तेव्हा बाईंचे टेबल रिंगणापासून दहा पावलांवर होते. रविवारी दुपारी रिंगण काडेपेटीएवढे दिसू लागले. नवी रांग नेहमी टेबलापुढे उगवे आणि टेबल तेवढे मागे सरके. ज्या संघाची नोंद, त्या संघातली मुले त्या रांगेत येऊन बसत. तीच मुले खाली रिंगणाशीही असत. याचे कोणाला नवल वाटत नसे. चहावाल्याने मात्र एवढे चालणे झेपत नाही म्हणून शनिवारीच येणे सोडले होते.

बाई एकाहत्तर वर्षांच्या. चौतीस वर्षे गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि प्रोग्रॅमिंग शिकल्या त्या त्यानंतर, हट्टाने. कोणाचा रोबो सामन्यात किती चेंडू टाकतो, कुठे अडतो, हे मांडून सरासरी काढणारे हे सॉफ्टवेअर त्यांनी एकहाती उभे केले होते. त्यात शाळेतले दोन जुने दंडक होते. तक्त्यात मोकळी जागा सोडायची नाही. आणि नोंद पुसायची नाही. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ, शेजारी सही, आणि खाली नवी नोंद. स्पर्धेचे संयोजक तांबटसर एकदा भीत भीत म्हणाले होते, की एखादे डिलीटचे बटण असते तर बरे झाले असते. हजेरीपुस्तकाला खोडरबर लावणाऱ्या शिक्षकाचे आपल्या शाळेत काय होत असे, ते बाईंनी त्यांना सविस्तर ऐकवले होते.

तिसऱ्या दिवशी बाईंचे गुडघे बोलू लागले होते आणि मिटल्या डोळ्यांपुढेही आकडे सरकत होते. त्यांच्या नातीच्या, शलाकाच्या, संघाच्या अकराव्या सामन्यात त्यांच्या हातून समोरासमोर खेळणाऱ्या लाल आणि निळ्या बाजूंची अदलाबदल झाली. शलाकाच्या संघापुढे लिहिले गेले: रोबो बंद पडला.

रिंगणात रोबो थांबला. शलाकाही थांबली, कंट्रोलर हातात, अंगठा वर उचललेला.

बाईंनी त्या नोंदीवर रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिले: रोबो चालू, चौदा चेंडू. रिंगणातल्या शलाकाच्या छातीवर आडवी काळी रेघ उमटली, खांद्याशी बाईंची सही. टेबलापुढे नवी रांग उगवली आणि तिच्यात दुसरी शलाका येऊन बसली, घामेजलेली.

"आजी, मी इथे कशी? साथीदार निवडायची वेळ झाली."

"बरोबर नोंद तुझी आहे," बाई म्हणाल्या. "तिथे आहे ती खोडलेली."

"पण पुकारतील तेव्हा तिथे तीच उभी असणार. तिला बोलता येत नाही."

ते खरे होते. अंतिम फेरीसाठी पहिले आठ संघ बाईंचाच तक्ता पाहून आपला साथीदार पुकारत. पुकारलेल्या संघाच्या कर्णधाराने रिंगणाशी उभे राहून होकार द्यायचा. दहा मोजेपर्यंत होकार आला नाही, की दुसरा संघ. या एका होकारासाठी शलाकाने वर्षभर शाळेच्या सायकलस्टँडमध्ये बसून रोबो जोडला होता.

ती पुढे निघाली आणि पहिल्याच रांगेशी अडली. रांगांमधून वाट नव्हती. मोकळी जागा कुठेच सोडलेली नव्हती.

"आमचीही नोंद चुकली होती, बाई," त्या रांगेतली एक मुलगी मागे न वळता म्हणाली. "नवव्या सामन्यात. दुसऱ्या दिवशी लक्षात आली तुमच्या. घरच्या माणसाची लगेच दिसते."

बाई टेबलाला धरून उठल्या. शलाका तोवर वहीच्या पानासारखी हलकी आणि सपाट झाली होती. बाईंनी तिला दोन्ही हातांनी उचलले आणि शेवटच्या बाकापासून वह्या गोळा करताना लावायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "हिला पुढे द्या. कोपरे दुमडू नका."

त्या मुलीने क्षणभर वाट पाहायला लावली. मग हात मागे करून शलाकाला घेतले आणि पुढच्या रांगेत दिले. रांगेमागून रांग हात वर होत गेले. शलाका लहान होत गेली, पोस्टकार्डाएवढी, मग तिकिटाएवढी.

लाऊडस्पीकरवर तिच्या संघाचे नाव आले. अंतर इतके होते की आवाज उशिरा पोचत होता. एक. दोन. बाईंनी मनातल्या मनात पुढचे आकडे धरले. खाली दहा केव्हाच होऊन गेले असतील, हे त्यांना कळत होते. पाच. सहा. सातनंतर लाऊडस्पीकर बंद पडला.

बाई उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने रिंगणालगतच्या रांगेतले हात वर झाले आणि काहीतरी पांढरे, सपाट, मागे येऊ लागले. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, न घाई करता. त्यावर रेघ होती की नव्हती, ते इतक्या दुरून दिसत नव्हते.

बाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही हात पुढे केले. या वेळी नोंद भरलेली नसतानाही टेबलापुढे आणखी एक रांग उगवली, आणि बाई पाऊलभर मागे सरकल्या.