ठेवणीतला जोड

मी बुटांचा जोड बोलतोय. काळा, नाडीचा, अस्सल चामड्याचा. आम्ही दोघं आहोत, पण आमच्यात कधी दोन मतं नसतात, म्हणून सरळ 'मी' म्हणतो. माझं वय दहा वर्षं. ती सगळी पुठ्ठ्याच्या खोक्यात गेली. चाललो तो फक्त आज सकाळी.

मालक माप द्यायला आला तो दिवस मला शिवणाऱ्यानं मी दुकानात होतो तोवर कितीदा तरी गिऱ्हाइकांना रंगवून सांगितला. मालक सुतार आहे, शवपेट्या बनवणारा. दुकानात शिरताच म्हणाला, "तळ कसलाही लावा. मला चालायचं नाहीये त्यांत."

"मग घेताय कशाला?"

"मला पुरतील त्या दिवशी घालायला."

शिवणाऱ्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी बूट शिवतो. चालणार नसतील तर ते बूट नव्हेत," असं म्हणून त्यानं हट्टानं दुहेरी जाड तळ लावला. त्या तिरसट माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

मालकाची तयारी म्हणाल तर जय्यत. कोट, पांढरा सदरा, कोणती गीतं म्हणायची, खांदा कोणी द्यायचा, सगळं कागदावर लिहून ठेवलेलं. पेटीसुद्धा तयार होती. तिच्यात त्याची बायको थंडीची पांघरुणं ठेवायची आणि त्यावरून दर हिवाळ्यात कुरकुर चालायची. "प्रभू कधी बोलावेल सांगता येत नाही. माणसानं तयार असावं," असं तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं. पण दर महिन्याला, ख्रिस्ती देवळातल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूची भाकर घेण्याच्या, आदल्या दिवशी तो मला कपाटावरून काढायचा, पॉलिश करायचा आणि पुन्हा झाकण लावायचा, तेव्हा माझा जीव तुटायचा. खालच्या रस्त्यावरून जाणारी पावलं मला ऐकू यायची. कोणी घाईत, कोणी रमतगमत. भिजलेल्या, फाटलेल्या, टाच झिजलेल्या बुटांचासुद्धा मला हेवा वाटायचा. मला चालायचं होतं, दुसरं काही नको होतं.

गेल्याच महिन्यात पॉलिश चालू असताना बायको म्हणाली, "अहो, बुटांना महिन्याच्या महिन्याला पॉलिश होतं. भावाला मात्र अकरा वर्षांत एक ओळ नाही."

मालकाचा ब्रश तेवढा जोरात फिरायला लागला.

हळूहळू मला सगळं कळलं होतं. माझ्या जन्माआधी वर्षभर त्या दोघा भावांची आई वारली. धाकटा भाऊ कामासाठी लांब होता. दफनाची वेळ तीनची होती. आईची पेटी मालकानं स्वतः बनवली आणि अडीच वाजता स्वतःच्या हातानं झाकण ठोकलं. त्यानंतर दहाच मिनिटांनी भाऊ आला, धुळीनं माखलेला, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता. "दादा, एकदा उघड. आईला बघू दे."

"खिळे ठोकून झाले," मालक सगळ्यांदेखत म्हणाला. "वेळ म्हणजे वेळ."

भाऊ कबरस्तानापर्यंत आला, माती टाकली आणि तिथूनच परत गेला. त्यानंतर त्यानं मालकाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मालकानंही कधी बोलावलं नाही. उशीर झाला की देवाचंही दार बंद होतं, असं तो लोकांना सांगायचा आणि स्वतःच्या वागण्याला त्याचा टेकू द्यायचा.

काल शनिवार, पॉलिशचा दिवस. पण मालक कामावरून आला तो मला न काढताच पलंगावर बसून राहिला. बायकोनं दोनदा विचारल्यावर म्हणाला, "आज एक बाई आली होती. वडील गेलेत तिचे. म्हणाली, भाऊ अजून पोचला नाही, तोवर झाकण लावू नका."

"मग?"

"मी म्हटलं, थांबू की. थांबायला काय लागतं?" बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "बोललो आणि माझंच मला ऐकू आलं गं. तेव्हा थांबायला काय लागत होतं?"

बायको त्याच्या शेजारी बसली.

आज सकाळी सगळे देवळात निघायच्या वेळी त्यानं मला खाली घेतलं आणि चक्क पायात घातलं. बायको चपापली. "अहो, हे तर प्रभूसमोर जायला ठेवलेत ना?"

"तिकडे जायच्या वाटेवर आधी एक घर आहे. तू हो पुढे. भावाशी तुटलेलं असताना आज प्रभूची भाकर घ्यायला माझा हात पुढे होणार नाही."

बसनं वीस मिनिटांची वाट. तो चालत निघाला. बसनं गेलो तर लवकर पोचेन, अशी त्याला भीती वाटत असावी. मला काय, आनंदीआनंद. खडी, चिखल, पुलावरचे लोखंडी पत्रे, जे येईल त्यावर मी पाय टाकत होतो. पण दहा वर्षं पडून चामडं कोरडं झालेलं. पुलाच्या आधीच मी त्याच्या टाचेला चावलो. मला लाज वाटली. तो मात्र थांबला नाही. भावाला काय म्हणायचं ते पुटपुटत, पाठ करत चालला होता.

भाऊ दाराच्या पायरीवर बसून सायकलची साखळी पुसत होता. त्यानं वर पाहिलं. फडकं थांबलं, पुन्हा सुरू झालं. मालकाचं सगळं पाठांतर जागच्या जागी विरलं.

शेवटी भाऊच बोलला. "पाय का ओढतोयस?"

"बूट चावतोय."

अकरा वर्षांनी एवढंच. मग पुन्हा फडकं आणि साखळी.

"आई कशी दिसत होती?" भावानं मान वर न करता विचारलं.

मालकानं दुखऱ्या टाचेवरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी बघितलंच नाही तिच्याकडे. झाकण मापात बसतंय का ते बघत होतो. तू उघड म्हणालास तेव्हा उघडलं असतं, तर मलाही दिसली असती. माझं चुकलं रे."

भावानं साखळी खाली ठेवली. तेलकट हात बराच वेळ पुसले. मग पायरीवरून उठून दार सोडलं. "बूट काढ, दादा. आत ये."

तेव्हापासून मी इथे पायरीवर आहे. दुपार टळून गेली. टोक खरचटलंय, तळात खडे रुतलेत, नाडीला चिखल. आता मला परत खोक्यात ठेवण्यात अर्थ नाही. मालकाला पुरतील तेव्हा त्याच्या पायात काय असेल, मला माहीत नाही आणि आज त्यालाही त्याची फिकीर दिसत नाही. तुमच्याही कपाटावर असं ठेवणीतलं काही असेल, तर कृपा करून खाली काढा. जायचं कुठे, ते तुम्हाला माहीत असणार.

मला अजून खूप चालायचंय. पण मालकानं आज घाई करू नये, असंही वाटतं. आत आधी खुर्ची सरकली, मग भांडी वाजली, आईची कुठलीशी आठवण निघाली आणि ती सांगताना एकानं दुसऱ्याची चूक काढली. आता आत कोणीतरी रडतंय. दोघांचे आवाज इतके सारखे आहेत की कोण, ते मला इथून सांगता येत नाही.