खुर्चीतलं उड्डाण

"नवऱ्याचं खुर्चीतलं उड्डाण कधी चुकवू नकोस," तुकडीच्या म्होरक्याची बायको तिला म्हणाली होती. "नीट बघत जा. काही वेगळं वाटलं तर त्याला बोलू नकोस. मला सांग."

तेव्हा नव्या क्वार्टरमध्ये सामान लागत होतं. ती खोक्यातून कपबशा काढत हसली. "वहिनी, लेकीला दात कधी येतात ते बघायला मला उसंत नाही. आता नवऱ्याची परीक्षाही मीच घ्यायची का?" वहिनीही हसल्या, कपाटाच्या फळीवर कागद अंथरत राहिल्या. विषय तिथेच विरला.

तिचा नवरा हवाई दलाच्या कसरतीच्या तुकडीत होता. सहा विमानं एकमेकांच्या पंखाला पंख लावून उडायची, उलटी व्हायची, सुलटी व्हायची, आणि खाली मैदानावर माणसं माना दुखेपर्यंत वर बघायची. तुकडीत नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे, नंबरानं मारत. सगळ्यांत पुढे एक नंबर, तो म्होरक्या. हे नाव अर्थात त्याच्या पाठीमागे, तोंडावर 'सर'. दोन नंबरच्या बायकोनं नवी पर्स घेतली की बाकीच्या म्हणायच्या, "बाई, दोन नंबरचा पैसा दिसतोय!" तिचा नवरा तीन नंबर. आणि म्होरक्याच्या बरोबर मागे, शेपटाच्या जागी उडणारा तो चार नंबर. त्याला सगळे शेपटू म्हणायचे. चांगला सहा फूट उंच माणूस, पण शेपटू.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या घरी आधी खुर्चीत उडायचे. ही तुकडीची जुनी रीत. ताठ पाठीची खुर्ची घ्यायची, डोळे मिटायचे आणि म्होरक्याचे हुकूम स्वतःच पुटपुटत अख्खी कसरत पहिल्यापासून शेवटपर्यंत हातापायांनी करायची. तिच्या नवऱ्याला उजव्या हातात काहीतरी धरायला लागायचं, म्हणून तो लाटणं घ्यायचा.

"लोकांच्या घरी बायकांच्या हातात लाटणं असतं," ती म्हणायची.

"म्हणूनच तर मी आधी ताब्यात घेतो," तो डोळे न उघडता म्हणायचा. "गप. चढतोय."

तिच्या आईला हे सगळं मुळीच पटत नव्हतं. फोनवर दर वेळी तेच. "लढाई नाही, काही नाही, मग आभाळात कोलांट्या कशाला मारायच्या हो जावईबापू? हे म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं."

तो चिडत नसे. "आई, अहो, सैनिक रस्त्यावर दिसतो, रणगाडा दिसतो. आम्ही कुणाला दिसतो? एखादं पोर वर बघतं आणि त्याच दिवशी ठरवतं. मीसुद्धा तसाच आलो." मग जरा थांबून तो म्हणायचा, "आणि हातभर अंतरावर दुसऱ्याचा पंख असताना उडायचं, म्हणजे त्याच्या हाती जीव सोपवायचा. ज्याला हे जमलं त्याला लढाईत मागे वळून बघावं लागत नाही."

"ते सगळं खरं," आई म्हणायची, "पण पोरगी लहान आहे हो."

त्यानंतर सरावाच्या एका सकाळी सहा विमानं उभ्या चक्रात वर गेली आणि पाचच खाली आली. म्हणजे खाली सहाही आली, पण एक धावपट्टीपलीकडच्या माळावर. ती गच्चीत लेकीचे कपडे वाळत घालत होती. आवाज आला. तिनं हातातलं झबलं नीट झटकलं, दोरीवर टाकलं, दोन्ही टोकांना चिमटे लावले. मग ती खाली गेली. पुढे कित्येक दिवस तिला या चिमट्यांचंच नवल वाटत राहिलं.

गेला तो शेपटू. पक्षी आडवा आला असावा, असं चौकशीवाले म्हणाले. शेपटूच्या बायकोकडे माणसांची रीघ लागली. कुणी जेवण आणलं, कुणी पोरांना शाळेत सोडलं. तिचा भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. सगळं रीतसर झालं. कुणी मोठ्यानं रडलं नाही. तीन नंबरनं त्या दिवशी घरी येऊन बूट काढले, हात धुतले आणि विचारलं, "गॅस संपत आला होता ना? नोंदवला का?"

"नोंदवला," ती म्हणाली.

आणखी काही दिवसांनी ठरलं, की शहरातल्या मोठ्या मैदानावरचं ठरलेलं प्रदर्शन रद्द करायचं नाही. शेपटूसाठी पाच विमानांनी उडायचं. कसरत नव्यानं बसवली; हवेतल्या सरावात अजून विमानं एकमेकांपासून लांब ठेवूनच उडत होते. पूर्वी चक्राच्या माथ्यावर, सगळी विमानं उलटी असताना, शेपटू मागून वर सरकायचा आणि म्होरक्या व तीन नंबर यांच्या मधे शिरायचा. त्यासाठी तीन नंबर क्षणभर डावीकडे सरून त्याला वाट द्यायचा. आता मधे शिरायला कुणी नव्हतं. तीन नंबरनं जागा सोडायची नव्हती, कारण त्याच्या डाव्या अंगाला आता पाच नंबर येऊन चिकटणार होता.

नवऱ्यानं पुन्हा खुर्ची घेतली, लाटणं घेतलं. ती लेकीला भरवत बघत होती. कसरत तिला आता तोंडपाठ झाली होती. "वर... वर... माथा..." तो पुटपुटला, आणि त्याचं मनगट किंचित डावीकडे झुकलं. लगेच सरळ झालं. "...आणि खाली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं भरवायचं थांबवून बघितलं. मनगट झुकलं.

"अरे, माथ्यावर तू सरकतोयस," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. "कुठे?"

"डावीकडे. शेपटूला जागा देतोयस."

"काहीतरीच. तुला काय दिसणार चमचा भरवता भरवता?" तो उठला, लाटणं ओट्यावर ठेवून आंघोळीला गेला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. डोक्याला नवी कसरत पाठ होती, हाताला जुनी.

ती तशीच बसून राहिली. सांगितलं, तर त्याला उडू देणार नाहीत. कदाचित पुन्हा कधीच नाही. हा माणूस उडणं सोडून दुसरं काय करेल, हे तिला सुचेना. नाही सांगितलं, तर माथ्यावर पाच नंबर आहे. पाच नंबरच्या घरी जुळी आहेत. तिला भीती वाटायला हवी होती. वाटत काहीच नव्हतं. दात काढल्यावर जिभेला आपलाच गाल परका लागतो, तसं झालं होतं. लेक ताटलीत हात आपटत होती. तिनं लेकीचं तोंड पुसलं, तिला कडेवर घेतलं आणि ती वहिनींच्या घरी गेली.

वहिनी इस्त्री करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, पण इस्त्री थांबवली नाही.

"मी चुकत असेन, वहिनी."

"असशील."

"त्याला कळलं तर माझं तोंड बघणार नाही तो."

"तोंड बघायला घरी तर येईल," वहिनी म्हणाल्या आणि कॉलर पालथी घातली. "बस. चहा घे."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी म्होरक्यानं बाकीच्या चौघांना घरी चहाला बोलावलं. चहा झाल्यावर तो सहज म्हणाला, "चला, एकदा सगळे मिळून उडू." दिवाणखान्यातल्या पाच खुर्च्या विमानांच्या रचनेसारख्या मांडल्या. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. दोन नंबर म्हणाला, "सर, ही खुर्ची डुगडुगते. बिघाड नोंदवून घ्या." एकदोघे हसले. सगळ्यांनी डोळे मिटले. म्होरक्यानं मात्र या वेळी मिटले नाहीत. तो अर्धा वळून बसला होता.

"वर... वर..." म्होरक्याचा आवाज संथ होता. "माथा."

तिच्या नवऱ्याचं मनगट डावीकडे गेलं. या वेळी चांगलं दिसेल इतकं गेलं. शेजारच्या खुर्चीतल्या पाच नंबरच्या कोपराला त्याचा कोपर लागला. पाच नंबरनं डोळे उघडले. मग दोन नंबरनं, मग सहा नंबरनं. तो एकटाच डोळे मिटून खाली येत होता. धावपट्टीवर उतरेपर्यंत कुणीही त्याला थांबवलं नाही.

"तीन," म्होरक्या म्हणाला, "उद्या तू खाली थांब."

त्यानं आपल्या कोपराकडे पाहिलं, मग पाच नंबरच्या. "येस सर," तो म्हणाला. जाताना दाराशी त्यानं तिच्याकडे पाहिलं. बघणं साधंच होतं. पण त्याला कळलं होतं, हे तिला कळलं.

प्रदर्शनाला ती लेकीला घेऊन गेली. तो आला नाही. चार विमानं उडाली. पुढच्या रांगेतली एक शाळकरी मुलगी वर बघताना हातातलं आईस्क्रीम विसरली. ते वितळून तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. शेजारचे आजोबा म्हणाले, "वा! काय शिस्त आहे! जणू एकच माणूस चारही विमानं चालवतोय." चक्राच्या माथ्यावर उन्हात चारी पोटं एकदम चमकली. सुंदर दिसलं. तिला ते सुंदर दिसलं याचंच तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही. चारही जण नीट उतरले. पाच नंबरची बायको जुळ्यांना ढकलगाडीत घालून तिच्याकडे आली, तिचा हात धरून उभी राहिली आणि मग गेली.

आता तो कचेरीत बसतो. वेळेवर जातो, वेळेवर येतो, लेकीला पाठीवर घेऊन खोलीभर फिरतो. त्याला पुन्हा उडू द्यायचं का, याची चौकशी लांबली आहे. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आहेत, त्या तो घेतो. तुकडीतलं कुणी फिरकत नाही. त्यात दुष्टावा नाही, त्यांना संकोच वाटतो. शेपटूच्या घरी काय बोलायचं ते सगळ्यांना माहीत होतं. वाचलेल्या माणसाच्या घरी काय बोलायचं, ते कुणाला ठाऊक नाही. आई फोनवर म्हणते, "देवाची कृपा, जमिनीवर आला. आता कसली काळजी?"

तो कधीकधी ताटावरून उठायचंच विसरतो. हात सुकून जातो.

"बरा आहेस ना?" ती विचारते.

"हं," तो म्हणतो.

याच्यापुढे तिला विचारता येत नाही. त्याला जमिनीवर आणणारी तीच. तिनं विचारलं, की प्रश्नाची परीक्षा होते, आणि तो उत्तीर्ण होण्यापुरतं उत्तर देतो.

तेव्हा हे वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, ज्याच्या शेजारचा गेला आणि तो स्वतः राहिला, तर घरच्यांनी विचारलंच असेल असं धरून चालू नका. घरच्यांना तो 'हं' म्हणतो. तुम्ही जा. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका, खाऊ नेऊ नका, धीर देऊ नका. बेल वाजवा, आत जाऊन त्याच्या शेजारी बसा आणि तो 'हं' म्हणाल्यावरही उठू नका. आज जमत असेल तर आजच जा.