बाटली आधी हलवून घ्या

माझी लेक ओपल साडेचार महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत गेले, आणि नेमका त्याच सोमवारी डॉक्टर हॅकनींचा लिफाफा फोडला गेला.

एप्रिल चालू होता. पाइनच्या झाडांनी अख्ख्या डरहॅम शहरावर पिवळी भुकटी पसरली होती. गाड्या पिवळ्या, टपालपेट्या पिवळ्या, प्रयोगशाळेच्या पायऱ्याही पिवळ्या. मी एका खांद्यावर दूध काढायच्या पंपाची पिशवी आणि दुसऱ्यावर लॅपटॉप अडकवून शिंकत शिंकत आत शिरले, तर सगळे बैठकीच्या खोलीत एका कागदावर वाकलेले. माझ्या स्वागतासाठी आणलेल्या बिस्किटांना अजून कोणी हात लावला नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेचं काम म्हणजे रसायनांची रांग लावणं. चटया, रंग, डबे, औषधं, फवारण्या, सगळ्यांत मिळून हजारो रसायनं वापरली जातात. त्यांतली काही शरीरात जाऊन हार्मोनचं सोंग घेतात. कुठली, हे शोधायची जुनी रीत म्हणजे पांढरे उंदीर. एका रसायनाला महिने लागतात आणि वर्षाला पन्नासच्या वर होत नाहीत. रांगेत मात्र नऊ हजार उभी. त्या वेगाने सगळी तपासून होईपर्यंत ओपलची नातवंडंसुद्धा म्हातारी होतील.

म्हणून आम्ही आधी चाळून घेतो. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये तीनशे चौऱ्याऐंशी बारीक खळगे, प्रत्येकात जिवंत पेशी, आणि त्या पेशींत काजव्याचा गुण घातलेला. रसायन हार्मोनच्या कुलपात किल्लीसारखं बसलं की पेशी उजळते. बाटल्यांतून थेंब उचलून खळग्यांत सोडायचं काम रूफस करतो. रूफस म्हणजे आमचं यंत्र. आठवडाभरात नऊ हजार बाटल्या उरकतो. मग उजेडावरून रांग लावायची: यांना आधी उंदरांकडे पाठवा, त्यांना मागाहून. आम्ही कोणाला दोषी ठरवत नाही, फक्त नंबर लावतो.

पण ती रांग खरी मानायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख डॉक्टर रॉइस हॅकनी. पस्तीस वर्षं उंदरांमध्ये काढलेला माणूस. त्यांनी आमच्या नऊ हजार बाटल्यांत गुपचूप वीस जोड्या मिसळल्या होत्या. जोडी म्हणजे एकच रसायन, पण दोन बाटल्यांत, दोन वेगळ्या आकड्यांखाली. आमची चाळणी खरी असेल तर दोघांना जवळजवळ सारखाच नंबर मिळायला हवा. कोण कोणाची जोडी, ते फक्त त्यांच्या लिफाफ्यात.

"सतरा जुळल्या," आमचा प्रमुख वेस्ली म्हणाला. पेनाचं टोपण त्याने चावून पार चपटं केलं होतं. "तीन नाही जुळल्या. ही बघ. अकराशे त्र्याहत्तर रांगेत चौथा, आणि त्याचा जुळा भाऊ बासष्टशे आठ, तो पाच हजारांच्याही मागे."

"विसांत सतरा म्हणजे वाईट नाही," मी म्हणाले.

"नाही कसं?" दारातून आवाज आला. डॉक्टर हॅकनी हातात गोड चहाचा भलामोठा पेला घेऊन उभे होते. "पोरी, बाळ कसं आहे? छान. आता मला सांग, बाळाचा ताप दोनदा मोजलास, एकदा एकशे चार आला आणि एकदा काहीच नाही, तर तू त्या थर्मामीटरचं काय करशील?"

"फेकून देईन."

"मग? पुढच्या गुरुवारी समिती बसते आहे. कारण सापडलं तर सांगा, नाहीतर मी लिहिणार की या काजव्यांवर भरवसा नाही. उंदीर हळू चालतात, पण खोटं बोलत नाहीत." त्यांनी एक बिस्किट उचललं आणि निघून गेले.

आणि असं लिहिलं की चार वर्षांचं काम संपलं. नऊ हजार रसायनं पुन्हा त्या मुंगीच्या रांगेत. ज्याची कंपनी मोठी किंवा ज्याचा बोभाटा जास्त, तेवढंच आधी तपासलं जाणार. बाकीची वापरात तशीच राहणार.

दुपारी मी पंप लावून बसले. दूध काढायला दिलेल्या खोलीला आमच्याकडे खोली म्हणतात एवढंच. पूर्वी तिथे फरशी पुसायचे मॉप ठेवायचे. दारावर टकटक झाली.

"मी आहे, बाळा. डोळे मिटून आत येते."

मिस व्हेल्मा ऑक्सेंडाइन. वय साठ, रूफसची खरी मालकीण. रोज सकाळी त्याला कापडाने पुसतात आणि त्याच्याशी बोलतात. मी रजेवर होते तेव्हा बाटल्यांचं सगळं त्यांनीच पाहिलं. त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या.

"माझ्या हातून झालं का गं काही? खरं सांग. वेस्ली तोंडाने बोलत नाही, पण माझ्याकडे बघतोय कसा, जशी मी त्याच्या आजीची फुलदाणी फोडलीय."

"मिस व्हेल्मा, तुम्ही कधी काही चुकवलंय का?"

"नाही. तू लिहून दिलेला कागद होता ना, तसाच्या तसा केला. कागदावर नाही ते मी करत नाही, आणि आहे ते सोडत नाही." त्यांचा आवाज मात्र बारीक झाला होता. "तेवीस वर्षं झाली. निवृत्त होताना असं नाव घेऊन नाही जायचं मला."

पूर्ण आठवडा मी शोधत होते. पेशी तपासल्या, रूफसच्या नळ्या बदलल्या, आकडे उलटसुलट केले. काहीच नाही. न जुळलेल्या तीनपैकी दोन जोड्यांतली एकेक बाटली, त्यांत बासष्टशे आठही, अकराव्या डब्यातली होती, एवढं दिसलं. तिसऱ्या जोडीचा त्या डब्याशी काही संबंध नव्हता.

शनिवारी सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ओपल रडत होती, आणि माझा नवरा टोबिन तिला घेऊन स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होता.

"आत्ता तर पाजलं!" तो म्हणाला. "अख्खी बाटली प्यायली. अर्ध्या तासात पुन्हा भूक. तुझी लेक आहे की गोठ्यातलं वासरू?"

मी रिकामी बाटली उचलली. आतल्या बाजूला पांढरी, जाड साय चिकटून राहिली होती.

"फ्रीजरमधलं होतं ना? वितळल्यावर हलवलंस का?"

"हलवायचं असतं?"

"अरे देवा, टोबिन! गोठवलं की दूध आणि साय वेगळी होते. हलवलं नाही तर पाणचट तेवढं तिच्या पोटात जातं, साय बाटलीलाच राहते."

"मग कुठे लिहिलंय का तसं? डब्यावर तारीख लिहितेस, औंस लिहितेस. 'हलवा' असं कुठेच नाही."

"ते काय लिहायचं? ते तर कोणालाही—"

आणि मी तिथेच थांबले. ओपलने माझे ओले केस मुठीत धरले होते, तिला ओढायला आवडतात तसे, आणि मला दुखतही नव्हतं.

"काय झालं?" टोबिन घाबरला. "मी काय केलं?"

"तू समितीला हरवलंस," मी म्हणाले आणि त्याच्या गालाचा जोरात मुका घेतला.

सोमवारी मी पळतच मिस व्हेल्मांकडे गेले.

"माझा कागद द्या."

त्यांनी प्लास्टिकच्या वेष्टणात जपून ठेवलेला कागद काढून दिला. माझंच अक्षर. रजेवर जायच्या आदल्या दिवशी, सुजलेल्या पायांनी खुर्चीत बसून लिहिलेलं. 'बाटल्या बाहेर काढा. थिजल्या असतील तर वितळू द्या. झाकणं उघडा. रूफससमोर ठेवा.' हलवा, हे कुठेच नव्हतं. मी स्वतः दरवेळी हलवायची, हात आपोआप जायचा, म्हणून ते लिहायचं सुचलंच नव्हतं.

"अकरावा डबा कुठे ठेवला होता?"

"फ्रीजरमध्ये. कपाटात जागा नव्हती, तूच म्हणालीस जागा नसेल तर चालेल. बाकीचे सगळे कपाटात." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "घट्ट थिजला होता तो डबा. वितळल्यावर जड ते सगळं तळाशी..."

"...आणि रूफस थेंब उचलतो वरून," मी म्हणाले. "चूक माझी आहे, मिस व्हेल्मा. तुमची नाहीच."

त्यांनी रूफसच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस का रे? आपण दोघं निर्दोष. चल, ऊठ आता कामाला."

पण नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. बासष्टशे आठची शिल्लक गोठवलेली बाटली तशीच वितळू दिली, आणि धक्का न लावता तीन थेंब घेतले: वरचा, मधला, तळाचा. मंगळवारी सकाळी प्लेट वाचली. वरचा खळगा जवळजवळ अंधारात. मधला बऱ्यापैकी. तळाचा मात्र असा लखलखला की मिस व्हेल्मांनी दोन्ही हात वर केले. मग अकरावा अख्खा डबा नीट हलवून पुन्हा चालवला. दोन्ही हरवलेले जुळे आपापल्या भावांशेजारी येऊन बसले. शिवाय त्याच डब्यातल्या आणखी चौदा बाटल्या, ज्या उगाच मागे राहिल्या होत्या, पुढे सरकल्या.

तिसरी जोडी मात्र तशीच. चार वेळा केली. एक नंबर पुढे, दुसरा कुठच्या कुठे.

"ऐक," वेस्ली बुधवारी दार लावून म्हणाला. "त्या बाटलीत पाणी शिरलं होतं, खराब झाली होती, असं सांगू. वगळून टाकू. कोण बघायला येतंय? एवढ्याशा एका जोडीसाठी सगळं बुडवायचं का?"

"बाटली खराब नाहीये, वेस्ली. मी तपासली."

"तू आई झालीस आणि जास्तच सरळ झालीस."

"आई झाले म्हणून नाही. माझ्या डोक्यात पक्कं होतं म्हणून मी एक ओळ लिहिली नाही, आणि केवढा गोंधळ झाला. आता जे घडलंच नाही ते लिहून टाकू?"

तो टोपण चावत बसला. रात्री त्याचा एकच शब्द फोनवर आला: बरं.

गुरुवारी समितीसमोर मी आधी ओपलची बाटली टेबलावर ठेवली. रात्रभर गोठवून सकाळी तशीच वितळू दिलेली. पाच गंभीर माणसं त्या बदकाच्या चित्राच्या बाटलीकडे टक लावून बघत बसली.

"हे आमचं कारण," मी म्हणाले. आणि कागदाची गोष्ट सांगितली, माझी राहून गेलेली ओळ सांगितली, कोणाच्याही मागे न लपता. मग तीन थेंबांचं चित्र पडद्यावर दाखवलं.

डॉक्टर हॅकनी पुढे वाकले. बाटली उचलून उजेडात धरली, हळूच तिरपी केली. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "आलमन्सच्या शेतावर माझ्या वडिलांच्या गाई होत्या," ते म्हणाले. "सकाळी ढवळल्याशिवाय किटलीतलं दूध कोणाला दिलं तर कानाखाली बसायची. पस्तीस वर्षांत मला हे सुचलं नाही." मग चष्मा पुन्हा नाकावर चढला. "दोन झाल्या. तिसरी?"

वेस्ली बुटांकडे बघत होता.

"तिसरी जुळत नाही," मी म्हणाले. "चार वेळा केली. बाटल्या चांगल्या आहेत. का जुळत नाही ते मला माहीत नाही."

"वगळायची आहे का?"

"नाही, सर. नोंदीत तशीच राहू द्या. आमच्या काजव्यांच्या मते ती दोन वेगळी रसायनं आहेत. कागदावर ती एक आहेत. मी काजव्यांचं म्हणणं बदलू शकत नाही."

डॉक्टर हॅकनींनी कोटाच्या खिशातून दुसरा, लहानसा लिफाफा काढला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "वाच. मोठ्याने."

मी तो फोडला. त्यांच्याच हस्ताक्षरात एक ओळ होती: 'विसावी जोडी ही जोडी नाही. दोन वेगळी रसायनं मुद्दाम ठेवली आहेत. ती जुळवून दाखवली, तर समजावं की आकडे जुळवले आहेत.'

"तुम्ही..." वेस्ली एकदम उठून उभा राहिला.

"जुन्या उंदराला थोडी लबाडी माफ असते," डॉक्टर हॅकनी म्हणाले, आणि पहिल्यांदा मोकळं हसले. "एकोणीस जोड्या खऱ्या होत्या, एकोणीस जुळल्या. तुमच्या काजव्यांनी मलाही पकडलं. मी सही करतोय. पहिल्या पन्नासांत अकराशे त्र्याहत्तर घ्या. न्हाणीघराच्या मऊ चटयांत घालतात ते. माझ्या जुन्या यादीत त्याचा नंबर सहा हजारांच्या पुढे होता. दोषी आहे की नाही ते उंदीर सांगतील, पण आता आमच्या हयातीत सांगतील."

टाळ्या कोणी आधी वाजवल्या ते आठवत नाही. बहुतेक दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या मिस व्हेल्मांनी, कारण त्या आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात केळ्याच्या पुडिंगचं अख्खं भांडं होतं, म्हणजे आम्ही जिंकणार हे त्यांनी सकाळीच ठरवलेलं. वेस्लीने टोपण कचऱ्यात टाकलं आणि दोनदा पुडिंग घेतलं. डॉक्टर हॅकनींनी तीनदा.

चार वाजता मी ओपलला आणायला पाळणाघराकडे निघाले. वाहनतळावर ऊन होतं आणि सगळं अजून पिवळंधमक. डॉक्टर हॅकनींच्या जुन्या ट्रकच्या पुढे मिस व्हेल्मा वाकून उभ्या होत्या. बॉनेटवरच्या पाइनच्या भुकटीत त्या बोटाने, मोठ्या ऐटबाज अक्षरांत काहीतरी लिहीत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं: १९ / १९. आणि खाली, 'रूफसकडून सप्रेम'.

"मिस व्हेल्मा! ते बघतील ना!"

"बघायलाच तर लिहिलंय, बाळा."

डॉक्टर हॅकनी आले, वाचलं, एकदा आमच्याकडे पाहिलं. पुसायला बॉनेटकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि तसाच्या तसा ट्रक, पुढे ते आकडे मिरवत, अख्ख्या रस्त्यावरून हळूहळू घेऊन गेले.