सोंड कुणाकडे

गुरुजींनी पळीभर पाणी नव्या चौकटीवर शिंपडलं, वर पाहिलं आणि पळी तांब्यात परत टाकली.

"काळूरामशेठ, ही गणेशपट्टी कुणी केली?"

मांडवात मागे उभा असलेला महेंद्र लगबगीने पुढे झाला. चौकटीवरचं फडकं नुकतंच सुटलं होतं. वास्तुशांतीला मुरबाड-शहापूरची निम्मी पाहुणेमंडळी लोटली होती आणि महेंद्रच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात त्याच्या नावाची कार्डं होती. वाशिंदच्या कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर नक्षीकाम सुरू केल्यापासून एवढ्या लोकांसमोर त्याचं काम पहिल्यांदाच येत होतं.

"मी केली, गुरुजी."

"अहो, हा उजव्या सोंडेचा आहे."

अंगणातल्या सगळ्या माना चौकटीकडे वळल्या. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. त्याचं सोवळं सांभाळताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. ज्या दारातून कोंबड्या, पोरं आणि चिखलाच्या चपला जायच्या, त्या दारावर त्याला कोण बसवील?

महेंद्रने मान वर केली. पोट त्याने काढलं होतं तसंच होतं, कानाच्या पाळीवरची घडीही तीच, जास्वंदीची वेलही तीच. फक्त सगळं आरशात पाहावं तसं उलटं. मोदक या हातातून त्या हातात गेला होता आणि सोंड डावीकडची उजवीकडे.

"मी डावी काढली होती," तो म्हणाला.

"मंग ही काय रात्रीत वळली?" काळूराम उसळला. नव्या धोतराचा सोगा सावरत तो पायरीवरून खाली आला. "तरी लोक मला बोलत होते, आपल्यातला सुतार बघ. तुमच्यात देव मानत नाय. मंग याला काय, सोंड इकडं असली काय न् तिकडं असली काय! बटण दाबायचं, लाकूड कापायचं, झाला कारागीर!"

कुणीतरी फिसकन हसलं.

महेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बुद्धाची तसबीर होती, हे खरं. पण त्या घरात बसून त्याने खंडोबा काढला होता, एकवीरा काढली होती, किती घरांचे गणपती काढले होते. ज्याचा देव त्याला हवा तसाच द्यायचा, ही त्याची रीत. गणेशपट्टीत सोंड डावी, हे शेणवे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल, आणि हा बाबा त्याला देव शिकवणार! आणि बटण म्हणे! ती वेल कॉम्प्युटरवर वळवता वळवता डोळ्यांतून पाणी आलं होतं. कुठे किती खोल कोरायचं, आधी कोरायचं जाड बिट कुठवर चालवायचं, मग बारीक कुठून घ्यायचं, हे मशीनला काय त्याच्या बापाने सांगितलं होतं?

तो तडक गोठ्यामागे गेला आणि मोबाइलवरून वाशिंदला फोन लावला. मशीन त्याचं स्वतःचं नव्हतं. तिथल्या एका वखारीतलं तो भाड्याने घ्यायचा आणि ते चालवायचा प्रणित.

"प्रणित, काळूरामशेठच्या पट्टीला मिरर कुणी मारला?"

"शेठनंच मारायला लावला ना, दादा. तू तापानं पडला होतास, त्या दिवशी टेम्पो घेऊन आला. स्क्रीनवर गणपती बघितला न् बोलला, फिरव."

"आणि तू फिरवलास?"

"बोललो ना, दादाला विचारतो. तर माझ्यावरच भडकला. घर माझं, दार माझं, बोलला. सोंड भावाच्या घराकडं जाते, सगळी बरकत तिकडं जाईल, बोलला. परत म्हणाला, महेंद्रला सांगू नको, उगाच फाटे फोडील."

महेंद्रने फोन खिशात टाकला. पट्टी वखारीतून थेट टेम्पोत चढली होती, गावच्या सुताराने बसवली होती आणि आजपर्यंत फडक्याखाली होती. दाखवणार कोण आणि बघणार कोण! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

तो परत आला तेव्हा काळूराम पाहुण्यांना तीच कथा तिखटमीठ लावून ऐकवत होता. दारात उभी असलेली त्याची बायको भागीरथी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत होती. हिला ठाऊक आहे, महेंद्रच्या मनात आलं.

"शेठ, नवी करून देतो."

"देशीलच! तुझ्या खर्चानं देशील."

"ते बघू. पण या वेळी तुमी सगळ्यांसमोर सांगायचं, सोंड कुठं हवी."

"डावीकडं रे! अजून कुठं?"

"असं नाय. वर पायरीवर उभे राहा, गणपतीसारखं तोंड बाहेर करा न् हात लांब करून दाखवा. मला देवातलं कळत नाय ना. परत चूक नको."

पाहुणे हसले, पण या वेळी हसू वेगळं होतं. काळूरामचा चेहरा उतरला. त्याने गुरुजींकडे पाहिलं.

"दाखवा हो, मुहूर्त टळतोय," गुरुजी वैतागले.

काळूराम पायरी चढला. वळला. डावा हात कमरेपर्यंत आला, तिथे अडखळला, मग हळूहळू वर गेला. बोटासमोर कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे ओट्यावर त्याचा धाकटा भाऊ रामू उभा होता. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. आजचं आमंत्रणही रामूला नव्हतं. गलका ऐकून तो नुसता बाहेर आला होता.

रामूने त्या लांब केलेल्या हाताकडे पाहिलं. मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, कुंपणाचा काटेरी झापा बाजूला सारला आणि भराभर अंगणात आला.

"मला बोलवलंस, दादा?"

काळूरामचा हात तसाच हवेत राहिला.

आता सांगून टाकतो सगळं, म्हणून महेंद्रने तोंड उघडलं. पण रामू चौकटीजवळ गेला होता. त्याने हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि कपाळाला आठी घातली.

"आरं, गणपतीनं सोंड वळवून आमच्याकडं पाठ का केलीय?"

कुणी हसलं नाही. भागीरथीने बोटाचा पदर सोडला आणि पहिल्यांदा मान वर केली.

"सांगा आता," ती नवऱ्याला म्हणाली.