रोहिदासभाऊंनी ग्रुप सोडला

ग्रुपचं नाव होतं 'चहाची सुट्टी'. धुळ्याच्या एका अभ्यासिकेत चौघं जण स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते, त्या काळातलं हे नाव. दुपारी कंटाळा आला की चौघं बाहेरच्या टपरीवर जायची आणि हातात चहाचे ग्लास घेऊन एकमेकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न घालायची. ज्याचं उत्तर चुकेल त्याने सगळ्यांचे ग्लास टपरीवाल्याकडे परत नेऊन द्यायचे, एवढीच शिक्षा. पुढे चौघांच्या वाटा फुटल्या, टपरी सुटली, पण प्रश्न सुटले नाहीत. ते मोबाइलवर आले.

ममताला हा ग्रुप फार जवळचा वाटे. लग्न होऊन ती चोपड्याजवळच्या गावात आली होती. नवरा, स्वप्नील, केळी करायचा. घरात सासरे नाना आणि पहिलीत जाणारी भूमिका. ममता दुपारी गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. दिवस भरलेला होता, तक्रार करावी असं काही नव्हतं. पण संध्याकाळी मोबाइल वाजला आणि रोहिदासभाऊंचा प्रश्न आला की तिच्या डोक्यातला एक कोपरा लख्ख व्हायचा. भाजी परतता परतता ती उत्तर शोधायची. इंटरनेटवर बघायचं नाही, हा नियम होता आणि चौघंही तो पाळत.

रोहिदासभाऊ चौघांत वयाने मोठे. धुळ्याला राहून अजून परीक्षा देणारे तेवढे एकच उरले होते. शीतलला जळगावला सरकारी कार्यालयात लिपिकाची नोकरी लागली होती. धना सातपुड्याच्या पायथ्याचा. तो वनरक्षक होऊन आपल्याच भागात परतला होता. या दोघांच्या अभ्यासातही रोहिदासभाऊंचाच हात होता. त्यांचे प्रश्न कोरडे नसत. "आपल्या तापीसारखी पश्चिमेकडे जाणारी, पण समुद्रापर्यंत न पोचणारी नदी कोणती?" असं विचारायचे, आणि कुणी 'लुणी' म्हटलं की ती राजस्थानातून निघून कच्छच्या रणात कशी जिरून जाते, हे असं लिहायचे की वाचणाऱ्याला तहान लागावी.

ग्रुपचा आणखी एक नियम त्यांनीच घातला होता. इथे फक्त प्रश्न. शुभ सकाळ नको, वाढदिवस नको, घरगुती गप्पा नकोत. सगळ्यांना तो नियम आवडला होता. नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये दिवसभर फुलं आणि दिवे येऊन पडत. ही एक जागा स्वच्छ होती.

त्या वर्षीच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ममताने शिकवणी लवकर सोडली आणि ओट्यावर बसून यादी उघडली. वरून खाली पाहिली. मग खालून वर पाहिली. रोहिदासभाऊंचं नाव नव्हतं. ही त्यांची शेवटची संधी होती, पुढच्या परीक्षेला वय बसत नव्हतं, हे चौघांनाही माहीत होतं.

थोड्या वेळाने शीतलचा फोन आला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"काय लिहायचं गं ग्रुपवर?"

"वाईट वाटलं म्हणून लिहिलं तर त्यांना अजून लागेल," ममता म्हणाली.

"मग?"

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शीतलने ग्रुपवर प्रश्न टाकला, जणू काही झालंच नव्हतं. 'कोणत्या ग्रहावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?' ममताने 'शुक्र' लिहिलं. धनाने अंगठ्याची खूण टाकली. रोहिदासभाऊंनी वाचलं होतं, निळ्या खुणा दिसत होत्या. पण एरवी दोन ओळींत शुक्राची सगळी कुंडली मांडणारा तो माणूस काहीच बोलला नाही.

मग चढाओढच लागली. शीतल विचारायची, ममता विचारायची, कधी नव्हे तो धनाही रोज विचारायला लागला. सोपे प्रश्न, गमतीचे प्रश्न, रोहिदासभाऊंच्या आवडीचे इतिहासाचे प्रश्न. खुणा निळ्या व्हायच्या आणि पुढे काही नाही. आजाऱ्याच्या उशाशी खाऊ ठेवत जावा आणि त्याने हात लावू नये, तसं चाललं होतं.

एका रविवारी ममता कणीक मळत होती. मोबाइलवर बारीक राखाडी अक्षरांत ओळ आली. रोहिदासभाऊंनी ग्रुप सोडला.

तिने तसाच, पिठाच्या हाताने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर बंद. तिने धनाला विचारलं, "धनाभाऊ, ते राहतात कुठे?"

"अभ्यासिकेच्या मागच्या गल्लीत एक खोली होती ना त्यांची? पण ती सोडली असं कधीतरी म्हणाले होते."

"घरी कोण आहे त्यांच्या? आईवडील? भाऊ?"

"माहीत नाही, ममताताई. मी कधी विचारलंच नाही."

शीतललाही माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर ममता कणकेकडे बघत बसली. रोहिदासभाऊ कोणत्या लढाईची तारीख कशी लक्षात ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. ते कुठे जेवतात, ताप आला तर पाणी कोण देतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. आणि त्यांनाही तिच्याबद्दल काय ठाऊक होतं? भूमिका झाली तेव्हाही तिने ग्रुपवर सांगितलं नव्हतं. नियमच तसा होता. दवाखान्यातून आल्यावर तिने एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, एवढंच.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. "मला धुळ्याला जाऊन यायचंय."

स्वप्नीलने विचारलं, "ते प्रश्नवाले? त्यांना शोधायला?"

"हो."

"अगं, मोठा माणूस आहे. राग ओसरला की करेल फोन."

"राग नाहीये तो," ममता म्हणाली. तेवढंच तिला नक्की माहीत होतं.

नाना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुना दोस्त शे ना? मंग जाय, देखी ये. फोनमा काय दिखस?"

दुसऱ्या दिवशी भूमिकाला शाळेत सोडून तिने अमळनेरमार्गे धुळ्याची बस धरली. वाटेत ती मनाशी बोलणं जुळवत होती. ज्ञान कधी वाया जात नाही. एवढं वाचलेला माणूस काहीही करू शकतो. परीक्षा म्हणजे आयुष्य नाही. बस तापीवरून गेली तेव्हा हे सगळं तिला पटत होतं. धुळं जवळ आलं तसतसं ते शिकवणीत फळ्यावर लिहायच्या सुविचारांसारखं वाटायला लागलं.

अभ्यासिका तिथेच होती. आत नवी मुलं, नवे पंखे, भिंतीवर तेच नकाशे. मालक रुपचंदभाऊंनी चष्म्यावरून बघितलं आणि तिला ओळखलं.

"रोहिदास ना? निकालानंतर आला, कपाटातली पुस्तकं या पोरांना वाटून गेला. सोनगीरला बहिणीकडे असतो. मेव्हण्याचं भांड्यांचं दुकान आहे. हायवेवर उतर आणि पितांबरचं दुकान विचार, कोणीही दाखवेल."

सोनगीरला उतरल्यावर खरंच पहिल्याच माणसाने दाखवलं. किल्ल्याच्या डोंगराच्या बाजूला गल्लीत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, बाहेर फळीवर उन्हात चमकणारे हंडे. पायरीवर बसून एक माणूस चिंचेच्या कोळाने घागर घासत होता. दाढी वाढलेली, बाह्या वर केलेल्या. ममता समोर उभी राहिली तरी त्याने वर पाहिलं नाही. गिऱ्हाईक समजून म्हणाला, "या ताई, आत बघा."

"रोहिदासभाऊ."

त्यांचा हात थांबला. उठावं की बसून राहावं, हे त्यांना कळेना. चिंचेचे हात त्यांनी आधी विजारीला पुसले, मग लाजून फडका शोधला.

"तू इकडे कशी?"

"तुम्हाला बघायला."

आतून त्यांची बहीण आली. तिचं नाव रेशमा. ममताने स्वतःचं नाव सांगताच ती हसली. "ममता म्हणजे चहाच्या सुट्टीतली? बस गं, माय. दादा तुम्हा बठ्ठ्या दोस्तांबद्दल सांगत असतो." तिने चहा टाकला आणि समजूतदारपणे आतच राहिली.

थोडा वेळ दोघं दुकानातल्या भांड्यांबद्दल बोलली. मग ममताने सरळ विचारलं, "आमच्यावर रागावलात का?"

"नाही." ते घागरीच्या काठावरून बोट फिरवत होते. "तुम्ही काही वाईट केलं नाही. शीतलचा तो शुक्राचा प्रश्न आला ना, तेव्हा मी याच पायरीवर होतो. उत्तर आपोआप आलं. त्याचं वर्ष किती, दिवस किती, उलटा कसा फिरतो, सगळं. आणि मग वाटलं, आता हे ठेवू कुठे? तुमच्यासाठी तो खेळ होता, ममता. असायलाच हवा. मी मात्र प्रत्येक प्रश्न साठवून ठेवत होतो. पेपरात येईल म्हणून. आता रस्त्यावरची पाटी वाचली तरी डोक्यात प्रश्न तयार होतो. ते थांबावं असं वाटतं. पाठांतर विसरायची काही रीत असली तर सांग."

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य ममताच्या तोंडून निघालं नाही. निघालं ते वेगळंच.

"मी धुळं सोडलं, त्या दिवशी मला कोणीच काही विचारलं नव्हतं."

त्यांनी मान वर केली.

"घरच्यांनी लग्न ठरवलं आणि मी पूर्वपरीक्षा न देताच निघाले. सामान बांधताना वाटत होतं, चौघांपैकी कोणीतरी म्हणेल, ममता, तुला जायचंय का? शीतल नुसती पिशवी भरू लागली. धनाभाऊंनी रिक्षा आणली. आणि बसमध्ये बसल्यावर तुमचा मेसेज आला. किनारा नसलेला समुद्र कोणता?"

"सारगॅसो," ते सवयीने बोलून गेले. आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "मला आठवतंय. तुझी बस निघून गेल्यावर मी स्टँडवरच उभा होतो. काय लिहावं ते कळत नव्हतं. बरंच काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी प्रश्न पाठवला."

"मी फार रडले होते. अमळनेर येईपर्यंत. पण उत्तर दिलं."

"हो. लगेच दिलं होतंस. मला वाटलं, बरी आहे."

हायवेवरच्या ट्रकांचा आवाज गल्लीत येत होता. मग रोहिदासभाऊ सावकाश म्हणाले, "म्हणजे शीतललाही कळलं नसेल, काय लिहावं."

"तिने मला विचारलं होतं. मीच म्हटलं, उद्या बघू."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे, जरा खोकत. त्या हसण्यात डोळे भरून आले ते त्यांनी कोपराने पुसले, कारण हात पुन्हा चिंचेचे झाले होते.

"तुला मुलं किती गं?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. भूमिका. पहिलीत आहे."

"पहिलीत!" ते तिच्याकडे बघतच राहिले. "आणि मी तुला आफ्रिकेतल्या राजधान्या विचारत होतो."

रेशमाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना पितांबर आले, त्यांनी रोहिदासभाऊंची थट्टा केली की हा गिऱ्हाइकाला तांब्याचा इतिहास सांगतो आणि भाव सांगायचा विसरतो. रोहिदासभाऊंनी ते मनावर घेतलं नाही. ठोक्याचं भांडं आणि यंत्रावरचं भांडं हाताने कसं ओळखायचं, हे त्यांना अजून नीट जमत नव्हतं. पितांबर डोळे मिटून ओळखत. रोहिदासभाऊंनी ममतासमोर एकदा प्रयत्न केला आणि चुकले. चुकल्याचं त्यांना काही वाटलं नाही, हे तिने पाहिलं.

निघताना तिने ग्रुपचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला. "मी इतक्यात परत येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"नका येऊ," ममता म्हणाली. "फोन मात्र उचला."

परतीच्या बसमधून तिने शीतलला आणि धनाला तेवढंच सांगितलं, "प्रश्न पाठवू नका. फोन करा." शीतलने त्याच संध्याकाळी केला. नंतर ममताला म्हणाली, "मी बोलायचं ठरवलं होतं आणि नुसती रडलेच गं. तेच मला समजावत बसले." धना फोनच्या भानगडीत पडला नाही. सुट्टी काढून तो मोटारसायकलने सोनगीरला गेला. आईने दिलेली मोहाची फुलं घेऊन गेला, आणि दोघं दिवसभर किल्ल्यावर बसून आले. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही.

'चहाची सुट्टी' काही दिवस मुकी होती. मग एकदा शीतलने लिहिलं की तिची बदली होतेय आणि तिला जायचं नाही. प्रश्न नव्हता, नियमात बसणारं नव्हतं. ममताने तिला तिथेच उत्तर लिहिलं, लांबलचक. प्रश्न अधूनमधून येतात अजून. पण रोहिदासभाऊंचे ते प्रश्न, ती लुणी नदी, ते ग्रुपवर पुन्हा आले नाहीत. त्याची हळहळ ममताला वाटते, आणि ती वाटते हे तिने त्यांना सांगितलंही आहे.

दिवाळीच्या आधी रोहिदासभाऊ शिरपूरच्या बाजारात भांडी घेऊन बसायला लागले. धंदा ठीक चालतो म्हणतात. परीक्षेचं विचारलं तर अजून आवाज बदलतो, मग तो विषय तिथेच राहतो. परवा त्यांचा फोन आला तेव्हा ममता बागेत होती, घडांवर पिशव्या चढवणाऱ्या बायकांबरोबर.

"काही काम होतं का, भाऊ?"

"नाही गं. बाजारात मंदी आहे. बसलो होतो नुसता." मागून भांड्यांचा खणखणाट आणि कुणाचीतरी घासाघीस ऐकू येत होती. "तू काय करतेयस?"

"केळीत आहे."

"काय चाललंय केळीत?"

ममता बांधावर टेकली आणि सांगायला लागली.